अंगठ्या भुऱ्याच आणेल

बाळ,

"लेकीच्या लग्नात अंगठ्या भुऱ्याच आणेल, बरं का," असं तुझे बाबा शेवटच्या आजारपणात दोनदा म्हणाले, आणि मी हो म्हटलं होतं. तरी विहीणबाई कुत्र्यांना घाबरतात म्हणून काल मीच त्याला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे ठेवून आले. तू उशीत तोंड खुपसून रडलीस, ते मला कळलं होतं.

आज पूजेत मन लागेना. शेवटी विहीणबाईंना मेसेज केला. उत्तर आलं, "येऊ दे की, मी यांच्या मागे लपेन."

बाबांच्या टायचा पट्टा शिवलाय, त्यालाच अंगठ्या बांधू. चहा झाकून ठेवलाय.

माझं सकाळचं मौनव्रत सुटायला अजून तासभर आहे, म्हणून हे लिहून ठेवतेय. डॉक्टरांना खुणेनं सांगेन. भुऱ्याला आणायला निघते.

आई