बुमूचा साचा

मी, निकुंजबिहारी नंदी, वय ७८, धंदा मिठाईचा, राहणार चंदननगर, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाखाली नाही (थोरली बहीण पुंटीदिदी शेजारी बसली आहे, तेवढे सोडून), माझ्यामागची व्यवस्था येथे लिहून ठेवतो. गेल्या वर्षीच्या पक्षाघातात उजवा हात गेला, म्हणून अक्षर डाव्या हाताचे आहे. डोके जुनेच आहे.

कलम १. माझे घर, खालचे दुकान आणि छेना (ताजे पनीर) मळायचे लाकडी पाट माझी सून शेफालिका नंदी हिला पूर्ण मालकीने देतो. माझा मुलगा घोंटू चार वर्षांपूर्वी वारला. तेव्हापासून पुतण्या हराधन सांगत फिरतो की ती बाहेरची. दुकान रोज पहाटे ही बाहेरचीच उघडते. घरचा हराधन तेव्हा घोरत असतो.

कलम २. हराधनला मोठी कढई. ती त्याने दहा वर्षांपूर्वीच नेली आहे. परत आणायची तसदी घेऊ नये.

कलम ३. पुंटीदिदीला काही नाही. साक्षीदाराला काही दिले तर ते टिकत नाही, असे वकीलबाबू म्हणतात. "एरवी तरी काय दिलं होतंस रे, भोंबल?" असे तिचे म्हणणे. लहानपणी ती पुंटी माशाएवढी किरकोळ होती म्हणून पुंटी, आणि मी गुटगुटीत म्हणून भोंबल. मला या नावाने हाक मारणारी आता ती एकटीच उरली आहे.

कलम ४. भिंतीवरचे साचे. आमच्याकडे प्रत्येकाच्या लाडाच्या नावाचा लाकडी साचा असतो, वाढदिवसाला त्यात संदेश, म्हणजे छेन्याची मिठाई, दाबतात. शेफालिका अनाथाश्रमात वाढली, तिला असे नाव ठेवायला कोणी नव्हते. लग्नानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला तिने विचारले, "बाबा, माझा साचा?" मुलाने मला न विचारता लग्न केले म्हणून मी घुश्श्यात होतो. म्हणालो, "साचा या घरात जन्मलेल्यांना असतो." तिने भिंतीकडे पाहिले. माझ्या बायकोचा, टुनीचा, साचा तिथेच टांगलेला होता.

बावीस वर्षे मी तिला नुसते ‘बउमा’ म्हणत आलो, कोणताही सासरा सुनेला म्हणतो तसे. घोंटूच्या श्राद्धानंतर ती म्हणाली, "मी आता इथे कोण म्हणून राहू, बाबा?" तेव्हाही मी गप्प बसलो. त्याची मला लाज वाटते.

पक्षाघाताने जीभ जड झाली. बउमा म्हणायला गेलो की ‘बुमू’ निघे. ती दर वेळी "आले, बाबा" म्हणत धावत येई. जीभ सुधारून सहा महिने झाले, तरी मी बुमूच म्हणतो, आणि मुद्दाम म्हणतो.

तिचा साचा मी कोरला आहे. साच्यात अक्षरे उलटी काढावी लागतात. ती डाव्या हाताला जास्त बरी जमतात, हे या वयात कळले. साचा माझ्या पेटीत आहे. माझ्यामागे तो तिला द्यावा.

इथवर वाचून पुंटीदिदी कडाडली, "गाढवा, मेल्यावर देणार? मग तिला त्या नावाने हाक कोण मारणार? हराधन?"

म्हणून कलम ४ चे शेवटचे वाक्य रद्द समजावे. मी जिन्यावरून हाक मारली. "आले, बाबा," म्हणत ती छेन्याचे हात पुसत वर आली. साचा हातात दिला. तिने अक्षरांवरून बोट फिरवले.

"हा माझा?"

"तुझाच. टुनीच्या शेजारी टांग."

"आधी संदेश दाबते," ती म्हणाली, आणि रडायलाच लागली. मीही रडलो. वकीलबाबू खिडकीबाहेर पाहत राहिले.

कलम १ मध्ये सुनेच्या नावापुढे ‘ऊर्फ बुमू, या घरची लेक’ एवढे वाढवावे. वकीलबाबू म्हणतात, कायद्याला त्याची गरज नाही. मला आहे.

ठिकाण : चंदननगर. पौष संक्रांत, १४ जानेवारी २०१८.

सही : निकुंजबिहारी नंदी (भोंबल)

साक्षीदार :
१. हेमनलिनी कुंडू (पुंटी. हे कागदोपत्री नाव तिला क्षणभर आठवेना.)
२. तारापद सरकार, वकील

दोन्ही साक्षीदारांनी बुमूच्या नावाचा संदेश खाल्ला, पण सह्या झाल्यावर.