खोट्या घराची जीवखिडकी

६ ऑक्टोबर १९४१, सोमवार

पोचलो एकदाचा! ब्रीगपासून वर येणाऱ्या टपालगाडीत माझ्या सोबतीला एक पाद्री, दोन बकऱ्या आणि चीजचं एक भलंमोठं चाक होतं. त्यातल्या त्यात बोलण्यालायक ते चीजच वाटलं. पण हवा झकास आहे, शिखरं उन्हात चकाकताहेत आणि मी खुशीत आहे. बाझेलच्या नाट्यगृहात इतकी वर्षं पडदे रंगवले, आता सैन्याला माझ्या कुंचल्याची गरज पडली आहे.

कामही नाटकातलंच. गावाच्या शेवटच्या घरापलीकडे, खिंडीच्या तोंडाशी, सैन्यानं एक बंकर बांधलाय. दोन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंती, आत दोन तोफा, इटलीकडून येणाऱ्या रस्त्यावर रोखलेल्या. वर उतरतं छप्पर. या भिंतींवर मी ओंडक्यांचं घर रंगवायचं, खिडक्या, पडदे, कुंड्या सगळं. विमानातून पाहणाऱ्याला वाटलं पाहिजे की इथे कुणी गरीब शेतकरी सूप भुरकत बसलाय. वरच्यांची युक्ती अशी की शत्रू आला तर सपाटीवरची शहरं द्यायची सोडून आणि डोंगरात बसायचं दडून. म्हणजे बाझेल वाऱ्यावर, आणि इथल्या गाई तोफांच्या पहाऱ्यात! धन्य आहे.

बंकरवर हवालदार मोरित्झ आणि त्याचे चार तोफची. मोरित्झ इथलाच, एरवी गुरं राखतो. त्याच्या चेहऱ्यावरून ते कळतंच. माझी राहायची सोय क्रेसेंझ नावाच्या विधवेकडे केली आहे.

८ ऑक्टोबर

क्रेसेंझबाईकडे राईचा पाव वर्षातून तीनदा भाजतात. सध्या चालू आहे तो उन्हाळ्यातला. कुऱ्हाडीनं तोडून दुधात बुडवायचा. मी तोंड वाकडं केलं तर म्हातारी म्हणते, "दात आहेत ना तोंडात? मग वापरा की, रंगारीबुवा. नुसती जीभच किती वापराल!"

माझ्या खोलीच्या भिंतीत, छताजवळ, वितीएवढी एक झडप आहे. वारा येईल म्हणून उघडायला गेलो तर बाई दूध उतू जात असावं तशी धावत आली. ती म्हणे जीवखिडकी. इथे प्रत्येक घराला असते. घरात कुणी गेलं की उघडायची, जीव बाहेर पडला की लावायची. एवढ्यावर थांबली असती तर मी ऐकून घेतलं असतं. पण पुढे हिमनदीचं पुराण. वरच्या बर्फात म्हणे गेलेल्यांचे जीव अडकलेले असतात, थंडीनं कुडकुडत. नोव्हेंबरच्या तोंडावर ते गावात उतरतात. तेव्हा शेगडी तापवून, दिवा लावून, टेबलावर पाव ठेवून, जीवखिडकी उघडून घरच्यांनी दुसऱ्या खोलीत निजायचं. ते येतात, शेकतात, जातात. सकाळच्या घंटेनंतर खिडकी लावायची.

मी विचारलं, शेगडी तापवायची राहिली तर? ती म्हणाली, "खिडकी उघडली तर आत ऊब हवी. ऊब नसेल तर उघडू नये." आणि दूध गाळायला गेली. देशात लाकूड रेशनवर, आणि हे लोक भुतांना शेकायला देतात!

१३ ऑक्टोबर

घर छान उमटतंय. ओंडक्यांच्या गाठी, उन्हानं काळवंडलेली कड, सगळं हुबेहूब. दर्शनी भिंतीवर मोठी खिडकी काढली: पडदे अर्धे सरकवलेले, बाहेर लाल जिरेनियमच्या तीन कुंड्या, आत टेबल, टेबलावर पाव, छताला लटकता पिवळा दिवा. आतली खोली किती दाखवायची यात खरी कला आहे. ती मोरित्झला काय कळणार? तो बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "शेगडी कुठंय?" मी म्हटलं, शेगडी कोपऱ्यात आहे, चौकटीबाहेर. रंगवायची गरज नाही. तो म्हणाला, "मग खोली थंड राहील." तोफची हसले, मला वाटलं त्याच्यावर. नंतर कळलं, माझ्यावर.

१७ ऑक्टोबर

आज जीवखिडकी काढली. मोठ्या खिडकीच्या वर, बरोबर जागेवर. गावात प्रत्येक घराला आहे, तर या घराला नसली तर शत्रूच्या फोटोत पकडली जाईल, साधी गोष्ट. आणि उघडी काढली. काळा चौकोन, आतून दिव्याचा पिवळा उजेड. त्यानं भिंतीला काय खोली आली म्हणून सांगू! खरं तर म्हातारीला खिजवायलाही काढली.

ती संध्याकाळी बघायला आली. ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "दिवा लावलात, पाव मांडलात, खिडकी उघडलीत. बोलावणं धाडलंत तुम्ही. आणि आत काय आहे? दगड." मग म्हणाली, अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

२० ऑक्टोबर

मेजरसाहेब ब्रीगहून पाहणीला आले. जीवखिडकी बघून माझी पाठ थोपटली. मोरित्झनं ती पुसायची परवानगी मागितली तेव्हा साहेब एवढे हसले की टोपी पडली. बर्फ पडून रस्ता बंद व्हायच्या आत मी परत बाझेलला. आणखी आठ-दहा दिवस, मग राम राम या शेणाच्या वासाला.

२३ ऑक्टोबर

कुणीतरी चावटपणा करतंय. जीवखिडकीच्या खालच्या कडेवरचा रंग घासला गेलाय, रोज हात टेकून दाराची चौकट झिजावी तसा. भिंतीखाली पाण्याचं थारोळं, त्याला बर्फाची साय. तोफच्यांना झापलं. ते म्हणतात, इतक्या उंच आमचा हात पोचतो का? खरं आहे, पोचत नाही. शिडी माझी एकट्याची, आणि ती कुलपात होती. मग कुणी दुसरी आणली असेल. दुसरं काय!

२५ ऑक्टोबर

पावाचा एक तुकडा कापलेला आहे. मी टेबलावर अख्खा पाव रंगवला होता. आता एका बाजूनं कापलेला, आतला गरसुद्धा नीट रंगवलेला. बरा हात आहे चोराचा. मी पुन्हा अख्खा पाव काढला.

बंकरमध्ये तोफच्यांची निजायची खोली त्याच भिंतीला लागून आहे. तिथे आतून, छताजवळ, ओल धरली आहे. चौकोनी. मोरित्झ म्हणाला, शेगडी लाल होईपर्यंत पेटवली तरी तोंडातून वाफ निघते. मी म्हटलं, काँक्रीट नवीन आहे, ओल मारतंच. शाळेत गेला असतास तर कळलं असतं.

२७ ऑक्टोबर

पाव निम्मा.

तोफची बंकरमध्ये झोपायला तयार नाहीत. चौघे सैनिक, चौघे दाढीवाले, आणि जीवखिडकीला घाबरतात! मोरित्झनं त्यांना क्रेसेंझच्या गवताच्या खोपटात हलवलं. युद्धाच्या काळात ठाणं सोडलं! मी टेलिफोनवरून मेजरसाहेबांना कळवलं. ते पुढच्या सोमवारी येताहेत. मोरित्झवर लष्करी खटला चालेल आणि अशा खटल्यात बंदुकीसमोर उभं करतात, हे मला माहीत आहे. कायदा मी केलेला नाही.

२८ ऑक्टोबर

म्हातारीनं रात्रीचं जेवण वाढलं नाही. ताट रिकामं ठेवून समोर बसली. म्हणाली, मोरित्झला तीन मुली आहेत. तक्रार मागे घ्या आणि ती खिडकी पुसा. मी म्हटलं, खिडकी मेजरसाहेबांनी पसंत केली आहे. आणि भुतं असतील तर मी स्वतः तिथे झोपून दाखवतो, एकटा, मेजरसाहेब येईपर्यंत. मग भेकड कोण ते त्यांनीच ठरवावं. ती म्हणाली, "झोपा. पण मग शेगडी भरून ठेवा, आणि ते आले की दुसऱ्या खोलीत जा."

दुसरी खोली म्हणजे तोफांची. बर्फासारखी थंडगार. वेडा आहे का मी?

२९ ऑक्टोबर

बंकरमध्ये बिऱ्हाड केलं. पोलादी दार, आतून अडसर. मोरित्झ दारापर्यंत आला होता. मला वाटलं, हातापाया पडेल. त्यानं सरपणाचा भारा ठेवला आणि निघून गेला. लाचच ती, वेगळ्या तऱ्हेची.

थंडी फार. पण मी ठीक आहे.

३० ऑक्टोबर

सकाळी बाहेर जाऊन बघितलं. टेबलावर पाव नाही. नुसता चुरा.

आणि टेबलाभोवती बाक. मी बाक काढले नव्हते.

हे करणारा माणूस माझ्यापेक्षा चांगला चित्रकार आहे. ते मला सहन होत नाही.

३१ ऑक्टोबर

मान्य करतो, फक्त इथे. जीवखिडकी आज मी स्वतः बंद करायला घेतली. तपकिरी रंग, दोन हात. संध्याकाळी सालीसारखा सुटून खाली पडला. खाली ओल, बर्फ. पुन्हा मारला. पुन्हा—

म्हातारी कुंपणापाशी होती. शेळीला चारा घालत होती, मान वर न करता. म्हणाली, "आता रंग धरायचा नाही, रंगारीबुवा. बोलावलंय त्यांना. शेकल्याशिवाय जायचे नाहीत ते. शेकून गेले की धरेल." मग मान वर केली. आज पहिल्यांदाच ती माझ्यावर चिडलेली नव्हती. म्हणाली, "चला घरी. सूप केलंय."

जायला हवं होतं. पण खोपटाच्या दारात तोफची उभे होते, बघत. मी त्यांच्यासमोर तिच्यामागे शेपूट घालून जाऊ? मी बंकरकडे वळलो. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

१ नोव्हेंबर

सकाळपासून बर्फ. पोलादी दार उघडत नाही. बाहेरून बर्फ साचला असेल, किंवा बिजागरी गोठली. टेलिफोन मुका.

मोरित्झनं दिलेलं लाकूड संपलं. रंगांच्या पेट्या जाळल्या. शिडी जाळली. भिंतीतला ओला चौकोन आता ओला नाही. काळा आहे. त्यातून पिवळा उजेड—

दोन मीटर काँक्रीट. मी स्वतः मोजून—

पावलं नाहीत. नुसतं कुडकुडणं. दातांवर दात. कितीतरी जणांचं.

मी म्हटलं, इथे काही नाही, ही नुसती भिंत आहे, रंग आहे, मी रंगवलंय. ते ऐकत नाहीत. दिवा बघून आले. फार लांबून आले बिचारे.

बिचारे! मी काय लिहितोय हे?

शेगडी विझली. आता त्यांना कळलंय, खोलीत गरम असं एकच आहे.

हात पुढे करताहेत. शेगडीपुढे करतात तसे, माझ्यापुढे—

२ नोव्हेंबर. सकाळ असावी

गेले. एकेक करून, वितीएवढ्या झडपेतून. जाताना कुडकुडत नव्हते. शेवटच्या बाईनं मला मान लवून आभार मानले, यजमानाचे मानतात तसे.

मी जिवंत आहे. लिहितोय म्हणजे आहे. फक्त ऊब नाही. बोटं टेबलाला टेकवली तर—

टेबल.

बंकरमध्ये टेबल नव्हतं.

बाक, चुरा. वर दिवा. मीच काढलेला. पिवळा आहे पण हात धरला तर काही नाही. थंड. पडद्यांना मागची बाजू नाही. कुंड्या मागून दिसताहेत, सपाट, मागून लाल रंगच दिलेला नाही. विमानातून कुणाला दिसणार म्हणून मी—

शेगडी नाही. कोपऱ्यात बघितलं. कोपराच नाही.

मोठ्या खिडकीला हात लावला. काच नाही, रंग आहे. उघडी आहे ती फक्त वरची, जीवखिडकी. बाकावर चढून वही तिच्या कडेशी धरून लिहितोय. बाहेर उजेड आहे. बर्फ थांबलाय. खरं आकाश.

बंकरचं पोलादी दार त्यांनी तोडलंय. मोरित्झ आणि तोफची कुणाला तरी बाहेर काढताहेत. घोंगडीत. माझे बूट आहेत त्याला. मोरित्झनं टोपी काढली. मूर्ख, टोपी कशाला काढतोस, मी इथे वर आहे! वर बघ!

हाका मारतोय. तो घोंगडी नीट सारखी करतोय, पायांवर. मी त्याला बंदुकीसमोर उभं करणार होतो, आणि तो माझ्या पायांवर घोंगडी—

घंटा होते आहे. सकाळची.

म्हातारी खोपटातली शिडी घेऊन येते आहे. हातात डबा. माझा तपकिरी.

क्रेसेंझबाई. बाई, अहो, मी आत आहे. आत कोणीतरी आहे, बाई, तुम्ही म्हणाला होतात, जीव बाहेर पडला की लावायची, मी अजून पडलो नाही, मला जाता येत नाही, खांदे अडकतात, ते कसे गेले—

तिचा चेहरा अगदी समोर. रडते आहे. माझ्यासाठी रडते आहे आणि कुंचला बुडवते आहे.

उजवी बाजू गेली. रंग ओघळतोय. कुंचला धरता येत नाही तिला, रेघ वाकडी, कसला गावठी हात—

सुटून पडेल. आत्ता पडेल, परवा पडला होता.

पडत नाही.

रंग धरतोय.

बाई, डावा कोपरा राहिलाय, तो राहू द्या, तेवढा एक कोपरा रा