स्वयंपाकघरातला दवाखाना

आई, मोझांबिकला जाण्याआधी तू मला पोर्तुगीज शिकवलीस, त्याबद्दल लिहायचं आहे. आमच्या कंपनीने तिकडे शेतीचे पंप पाठवले होते आणि ते बसवायला वर्षभरासाठी माणूस हवा होता. माझं नाव पुढं आलं ते तुझ्यामुळे. याची आई गोव्याची, पोर्तुगीज शाळेत शिकलेली, असं कुणीतरी साहेबांच्या कानावर घातलं होतं. मला स्वतःला त्या भाषेतला 'ओब्रिगादु', म्हणजे आभारी आहे, एवढा सोडून एक शब्द येत नव्हता. लग्न होऊन कोल्हापूरला आल्यापासून तू ती भाषा कधी बोललीच नव्हतीस. इथं बोलायची तरी कुणाशी?

कामावरून आलो की मी स्वयंपाकघरात तुझ्यासमोर पाटावर बसायचो. तू विळीवर नारळ खवत असायचीस. आकडे, बाजार, वाट विचारणं हे भराभर झालं. मग तू म्हणालीस, "परमुलखात माणूस दोनदा अडतो, भूक लागल्यावर आणि दुखायला लागल्यावर. भूक हातानं दाखवता येते." म्हणून दुखण्याचा धडा सगळ्यांत जास्त दिवस चालला. एकानं डॉक्टर व्हायचं, दुसऱ्यानं पेशंट, मग उलट. तुझी शिस्त कडक होती. मी नुसतं 'दॉय-म्', म्हणजे दुखतंय, एवढंच म्हणून थांबलो की तू म्हणायचीस, "एवढ्यावर कुठला डॉक्टर औषध देईल? कुठं, कधीपासून, कसं, सगळं सांग." मी पेशंट असलो की माझी दाढ दुखायची, दुसऱ्या दिवशी पाय मुरगळायचा, एकदा तर मला विंचू चावला. लग्नात जास्त जेवलो म्हणून पोट फुगलंय, असं एकदा मोडकंतोडकं जुळवून सांगितलं तेव्हा तुला हसू आवरेना.

मग माझी पाळी डॉक्टर व्हायची. मी विचारतो, "ओंद दॉय?" कुठं दुखतंय? तू हातातली वाटी खाली ठेवतेस, पदराला हात पुसतेस आणि उजव्या बरगडीखाली ठेवतेस. "आकी." इथं. कधीपासून? पावसाळ्याच्या आधीपासून. कसं दुखतं? जेवल्यावर सुरू होतं, मागं पाठीत जातं, मग आडवं पडवत नाही. तू हे अगदी सावकाश सांगतेस, मला प्रत्येक शब्द ऐकू यावा म्हणून. माझं लक्ष मात्र तू क्रियापद कुठं ठेवतेस त्याच्याकडे आहे.

बाबा तेव्हा वर्कशॉपमधून येऊन बाहेरच्या खोलीत चहा पीत असायचे. तिथूनच ओरडायचे, "काय म्हणतोय फिरंगी डॉक्टर? पेशंट वाचंल का?"

"वाचंल की," मी म्हणायचो. "दोन गोळ्या आणि आराम."

"आराम? मग भाकरी कोण थापणार? डॉक्टर काय?"

तूही हसायचीस. "सीं, स्न्योर दोतोर," असं मला म्हणायचीस, होय डॉक्टरसाहेब, आणि ओट्याला धरून उठायचीस.

आपल्या गल्लीत दुखणं कुणा एकाचं नसायचं. कुणी दोनदा खोकलं तरी चौघीजणी दारात. "काय हुतंय वैनी? काढा घेतलासा का?" लहानपणी मला टायफॉइड झाला तेव्हा खाटेभोवती बसायला जागा उरली नव्हती. शेवटी तू दाराला कडी घातलीस, आणि त्याची बरेच दिवस चर्चा झाली. गोव्याची वैनी लई आखडू हाय, असं म्हणायचे सगळे. त्यानंतर आपलं काही दुखतंय असं तू मराठीत कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. विचारलंच कुणी तर, "मला काय झालंय?" एवढंच उत्तर यायचं. तिथून पुढं कुणाला शिरता यायचं नाही.

मोझांबिकला गेल्यावर काही महिन्यांतच मला मलेरिया झाला. कामाच्या जागेजवळ छोटा दवाखाना होता. तिथल्या नर्सबाईंनी विचारलं, कुठं दुखतंय, आणि मी तुझी वाक्यं एकामागून एक म्हटली. डोकं, सांधे, कधीपासून, कसं. त्या हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही आमच्या आजीसारखं जुन्या वळणाचं बोलता." मला बरं वाटलं. सलाइन लावून पडलो होतो, डोळ्यांसमोर आपलं स्वयंपाकघर येत होतं. आणि तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की माझी दुखणी रोज बदलायची, तुझं कधीच बदललं नाही. खोटं सांगणारा माणूस कंटाळून नवीन काहीतरी काढतो. तू पहिल्या संध्याकाळपासून शेवटच्या संध्याकाळपर्यंत तीच जागा दाखवत होतीस. फक्त शेवटी शेवटी त्यात एक वाक्य वाढलं होतं, की आता भूकही लागत नाही. मी त्यावर तुला शाबासकी दिली होती, वाक्य लांब होतं म्हणून.

हिंडायला लागल्यावर मी बूथवरून घरी फोन केला. इकडचं तिकडचं झालं. मग मी पोर्तुगीजमध्ये विचारलं, कुठं दुखतंय? तू मराठीत म्हणालीस, "धडा संपला रे आता. तिकडचं पाणी उकळून पीत जा." मी बरं म्हणालो. तोच प्रश्न मराठीत विचारायला पाहिजे होता, तो मी विचारला नाही. वर्ष संपवून आलो तेव्हा तू दारात उभी होतीस, आणि तुझे डोळे पिवळे झाले होते. आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं कदाचित, असं डॉक्टर म्हणाले. नक्की असं तेही म्हणाले नाहीत. दसऱ्याच्या आत तू गेलीस.

बाबा आता फारसे बाहेर पडत नाहीत. पाहुणे आले, तुझा विषय निघाला, की त्यांचं ठरलेलं वाक्य असतं, "लई सोशिक बाई. एवढं अंगावर काढलं, पर कुणाला एक शब्द बोलली न्हाय." पाहुणे माना हलवतात, मीही हलवतो. गेल्या आठवड्यात पाहुणे गेल्यावर ते म्हणाले, "मला तरी सांगायचं हुतं की तिनं. मी काय परका हुतो?" मी चहाचे कप उचलून आत गेलो.

ती बोलली होती बाबा, तुम्ही दाराच्या पलीकडे चहा पीत होता तेव्हा, असं त्यांना सांगायला हवं. ते ऐकून त्यांना बरं वाटेल की जास्त लागेल, मला ठरवता येत नाही. तू खरंच सांगत होतीस की माझा धडा पक्का करून घेत होतीस, हेही मी शपथेवर सांगू शकत नाही. एवढी पानं लिहून झाल्यावर कळतंय की यातलं तुला माहीत नाही असं काहीच नाही. हे सगळं त्यांना सांगायचं आहे. दुपारची वेळ आहे, ते शेजारच्या खोलीत जागे आहेत, त्यांचा रेडिओ ऐकू येतोय. तुला लिहिणं सोपं आहे, म्हणून मी तुला लिहीत बसलोय.