मीटरनं फसवलं

अण्णा, कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर विश्वास ठेवायचा नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. भोरच्या आपल्या स्टुडिओत मागे काळी घोंगडी टांगलेली असायची, कारण मखमल चमकते. तुम्ही म्हणायचात, "मीटरला समदं काळंच दिसतंय. त्ये उजेड वाढवनार आन चेहरा पांढराफटक करनार. जवळ जा, चेहऱ्यावरचं रीडिंग घे, तेच ठेव. सावळा मानूस आसंल तर उजेड आजून अर्धा स्टॉप कमी कर. मानूस हाय तसा आला पायजे." तुमच्या हातून चेहरा पांढरा पडलेला एकही फोटो मला आठवत नाही. माझा सोडून.

माझं लग्न जमवायला तुम्ही तो काढलात. मी तुमची लेक, तुमच्यासारखीच सावळी. सावळी कसली, चांगली काळी. फोटोत मात्र पिठात बुडवून काढल्यासारखी. तो पाहून सारोळ्याची मंडळी बघायला आली. मुलाची आई फोटो हातात धरून माझ्याकडे बघते आहे, पुन्हा फोटोकडे. "हीच का वो ती? का धाकटी हाय आनखी?" आणि तुम्ही, आयुष्यात कधी चूक कबूल न केलेला माणूस, पटकन म्हणालात, "मीटरनं फसवलं." चहा पिऊन ते गेले. त्यांच्या नकाराचं मला फारसं काही वाटलं नाही. तुमच्या त्या वाक्याचं वाटलं. तेव्हापासून मला संशय आहे, अण्णा. तुम्हाला माझी लाज वाटत होती का?

तुम्ही गेल्यापासून स्टुडिओ मी चालवते. मागच्या महिन्यात मार्गासनीची एक मुलगी आईबरोबर आली, त्याच कामासाठी. आई म्हणाली, "ताई, जरा गोरी काढा. लोकं फोटू बघूनच न्हाई म्हनत्यात." मी कॅमेऱ्याचं ऑटो बंद केलं, चेहऱ्यावर रीडिंग घेतलं, वर अर्धा स्टॉप कमी केला. मुलगी आहे तशी आली, डोळे तर फारच सुरेख. आईचं तोंड उतरलं. मग दुसरा उजळ काढून दिला, धंदा आहे. जाताना मुलगी हळूच म्हणाली, "ताई, पयला माज्या मोबाईलवर टाका. मला ठेवायचाय."

त्या गेल्यावर मी तुमच्या निगेटिव्हच्या पेट्या उघडल्या. लोकांना दाखवायला उजळ काढलात, हे मी समजू शकते, मीही तेच केलं. पण घरात ठेवायला एक तरी आहे तसा काढला असेल, असं वाटलं. माझ्या त्या फोटोच्या रोलवर माझी एकच फ्रेम आहे, तीच उजळ. तिच्या पुढची वेल्ह्याकडच्या कुणा पैलवानाची, माझ्याहून काळा गडी आणि अगदी आहे तसा. म्हणजे मीटर ठीक होतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. रोज दुपारी पेट्या काढून काय बघतेस, असं घरचे विचारतात. जुनी गिऱ्हाइकं प्रती मागतात, असं मी सांगते. कुणी मागत नाही, अण्णा. मी बाकीचे रोल बघते आहे.