कुंकू लावलेली पाटी

काकू,

मी शाळेत निघाले. काल तुम्ही दार उघडलं नाहीत, म्हणून ही चिठ्ठी दाराखालून सरकवतेय.

तुमच्या दारावरची ती पाटी घरमालकीणबाईंनी स्वागताला लावली नव्हती. ती ज्यांच्या दारावर असते, त्यांनी त्या आठवड्यात जिना झाडून पुसायचा आणि शनिवारी पाटी शेजारच्या दाराला अडकवायची. हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. बाबांना तर मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, "काकांना खुशाल संशोधनाला लागू दे, काकूंना इथल्या जर्मन रीती मी शिकवते."

तुम्ही पाटीला हळदकुंकू लावलंत म्हणून बाई ओरडल्या, तेव्हा मी त्यांच्याबरोबर हसले. वर म्हणाले, "आमच्या घरी नाही असलं काही करत." जर्मनमध्ये म्हणाले, पण तुम्हाला कळलंच. तुमचा चेहरा मी पाहिला.

आईच्या शिलाई मशीनवर दसऱ्याचं कुंकू अजून आहे. ते मीच लावलंय.

जिना आज मी झाडलाय. पाटीवरचं कुंकू पुसलेलं नाही. दुपारी आपण दोघी बाईंकडे जाऊ. तुम्ही मराठीत बोला, मी जर्मनमध्ये सांगेन. माझ्याबद्दल बोललात, तरी एक शब्द गाळणार नाही.

कुंदा