पावडर न लावता

ताई,

तू गाढ झोपली होतीस, उठवलं नाही. मी दवाखान्यात चालले आहे. दूध तापवलंय. मास्तरीणबाई ब्लाउज न्यायला आल्या तर हुक लावायचे राहिलेत म्हणून सांग.

काल तुला अर्धंच सांगितलं. छातीतली गाठ शोधायला काढलेल्या फोटोत पांढरे ठिपके दिसले, तेव्हा फोटो काढणारीने विचारलं, "पावडर लावून आलात का?" मी म्हटलं, "डबाभर." पावडरसुद्धा फोटोत तशीच उमटते म्हणे. मला अंग धुऊन यायला लावलं आणि पुन्हा फोटो काढला. बाकीचे ठिपके गेले, पण एका जागी थोडे राहिले, चिमूटभर मीठ सांडल्यासारखे. शिवणीतली गाठ मला न बघता बोटाला कळते, पण इथे बोटाला काहीच लागत नाही गं. लागायच्या आधी दिसलं तेच बरं, असं ती म्हणाली.

आज फोटोत बघत बघत सुई नेमकी तिथे नेणार आणि तपासायला कण काढणार. ते कसं साधतात कोण जाणे. फोटो दिसतो तो पडदा माझ्याकडे वळवा, असं सांगणार आहे.

तू आंघोळ करून दुपारी तिकडेच ये. मी त्या फोटो काढणारीला आईच्या छातीतल्या गाठीचं सांगितलं, तर तिने तुझंही नाव लिहून घेतलं.

पावडर लावू नकोस.