सातव्या गाण्यातला गिटारवाला

३ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

आमच्या अल्बमवरचं तुझं परीक्षण काल पेपरात वाचलं. महिन्यापूर्वी तूच पत्रात लिहिलं होतंस, की ड्रम काढून टाकलेस ते झकास केलंस, रॉकमध्ये एवढं धाडस कोणी करत नाही. आणि आता 'ड्रमशिवायचा आचरटपणा'?

आठ महिने आम्ही चौघं गॅरेजात घासत होतो. बेसवाल्याने त्यासाठी कारखान्यातली पाळी बदलून घेतली. शेजारच्या काकू भिंत ठोकून थकल्या. दुसऱ्या कोणी झोडपलं असतं तर चहा पिऊन विसरलो असतो. तू केसाने गळा कापलास.

आणि सातव्या गाण्याची खिल्ली उडवलीस, ती गंमत म्हणून का? मला हसू आलं नाही. आईपासून पेपर लपवून ठेवलाय.

लोभ आहे असं धरून चाललो होतो.

तुझा,
ठोक्या

९ मार्च

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी घरातले सगळे डबे बडवलेस, म्हणून हे नाव मीच ठेवलं. तुझा राग मला समजतो. पण आपलं नातं संपादकांच्या कानावर गेलं होतं. गोडगोड लिहिलं असतं, तर मामाने भाच्याला डोक्यावर घेतलं म्हणाले असते आणि वीस वर्षांचं सदर हातचं गेलं असतं. म्हणून चार शब्द जास्त कडक झाले.

सातव्या गाण्याची मात्र गंमत नव्हती, ते मनापासून लिहिलं. तो गिटारवाला आणलास कुठून? हात थरथरतो त्याचा. स्वतःवर भरवसा नसलेल्याने वाजवू नये, हे मी पुन्हा लिहीन. त्याला काढ.

रविवारी येतोय. ताईला सांग, डोळे वटारू नकोस.

रागासकट लोभ असू दे.

तुझा,
मामा

१४ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

म्हणजे अल्बमच्या आतला कागद तू उघडलाच नाहीस. त्यावर सगळ्यांच्या आधी छापलंय, 'सातवं गाणं, गिटार: मामा.'

तू विशीत असतानाची कॅसेट आईच्या कपाटात सापडली. तुला न सांगता घेतली, तेवढी चूक माझी. तुला आनंद होईल असं वाटलं होतं. अख्खा अल्बम त्या थरथरत्या हाताभोवती रचला. तो दबू नये म्हणूनच तर ड्रम काढले.

त्याला मी काढणार नाही. रविवारी ये, पण पेपर घेऊन ये. ते परीक्षण आईला तूच वाचून दाखव.

लोभ आहे, सध्या त्या विशीतल्या गिटारवाल्यावर.

ठोक्या